डावा कोपरा धरणाऱ्या लेकरास

चि. लेकरा,
अनेक आशीर्वाद.

डावा कोपरा, म्हणजे बचावाच्या रांगेतली डाव्या टोकाची जागा, पक्का करून पुढं व्यावसायिक कबड्डीत उतरायचं म्हणतोस, हे फार बरं वाटलं. पकड आणखी जोरदार कशी करू, असं तू विचारलंस. जोर तुझ्यात आहे. मला आधी सांगायचंय ते पकड कधी करू नये याबद्दल, कारण आपल्याकडची चांगली चांगली पोरं जिल्ह्याच्या पुढं सरकत नाहीत ती नेमकी इथंच अडतात. जत्रेतल्या सामन्यात समोरचा आला की झेप घ्यायची सवय लागते, लोक शिट्ट्या मारतात, आणि मॅटवर तोच चढाईपटू त्या झेपेची वाट बघत उभा असतो.

आकडे डोक्यात पक्के असू देत. पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटर. मध्यरेषेपासून निदान रेषा 3.75 मीटरवर, तिथून बोनस रेषा आणखी 1 मीटरवर, आणि तिच्या मागं अंतिम रेषेपर्यंत तुला फक्त 1.75 मीटर जागा. चढाई 30 सेकंदांची. चढाईपटूनं कोणाला शिवलं नाही तर निदान रेषा ओलांडल्याशिवाय त्याला परत जाता येत नाही, गेला तर बाद. म्हणजे यायचं त्याला आहे, तुला नाही. त्यांच्या संघाच्या सलग दोन चढाया गुणाविना कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. म्हणून पहिल्या दोन चढायांत तुझं काम जागा धरून ठेवण्याचं. तो गुण न घेता परत गेला की तुझं काम झालं. तिसरीत त्याला आत यावंच लागतं, तेव्हा तुझी वेळ. कितवी चढाई चालू आहे हे कर्णधाराला विचारायची पाळी येऊ देऊ नकोस, स्वतः मोज.

आता घोट्याची पकड. कोपऱ्याचं पोट तिच्यावरच भरतं. बोनसच्या जादा गुणासाठी चढाईपटूला एक पाय बोनस रेषेपलीकडं टाकावा लागतो आणि त्याच वेळी मागचा पाय हवेत असावा लागतो. त्या क्षणी त्याचा तोल सगळ्यात कच्चा असतो. तुझं लक्ष त्याच्या हातांकडं किंवा डोळ्यांकडं नको, कमरेकडं ठेव. हात आणि डोळे फसवतात, कंबर जाते तिकडंच माणूस जातो. पुढचा पाय टेकायला आला की खाली जा, दोन्ही हातांची बोटं घोट्याच्या मागून आकड्यासारखी घाल. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, समोरून विळखा घालू नकोस. झटका बसला की पहिला अंगठा जातो. डोकं त्याच्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, नजर वर. डोकं खाली घालून सूर मारणाऱ्याच्या कपाळावर किंवा मानेवर गुडघा बसतो. घोटा हातात आला की नुसता ओढू नकोस, आधी वर उचल आणि मग छातीशी घे. जमिनीवर टेकलेला पाय ओढून हलत नाही, उचललेल्या पायावर त्याला जोर लावता येत नाही.

एवढं करूनही तू एकटा त्याला दोन सेकंदच थोपवशील. त्या दोन सेकंदांत तुझ्या शेजारचा बचावपटू, म्हणजे इन, त्याच्या कमरेवर आला पाहिजे आणि मध्यरक्षकानं परतीची वाट बंद केली पाहिजे. पकड सुटली की कोपऱ्याला शिव्या बसतात, पण बहुतेक वेळा चूक शेजाऱ्याच्या उशिराची असते, आणि तो उशीर सरावात बोलणं न झाल्यामुळं होतो. तुझ्या इनबरोबर हाताची खूण ठरव: बोटं दाबली की जातोय, हात सैल सोडला की थांबतोय. रोज 20 मिनिटं तुम्ही दोघं आणि एक चढाईपटू, बाकी कोणी नको. दहा चढायांपैकी निदान सहा वेळा पकड न करता त्याला परत पाठवायचं. हा सराव कंटाळवाणा आहे आणि तोच सगळ्यात कमी पोरं करतात.

मैदानात तिघे किंवा त्याहून कमी उरले की यशस्वी पकडीला दोन गुण मिळतात. अव्वल पकडीच्या या मोहात पोरं पुढं जाऊन मांडीला हात घालतात. पुढून गेलास की तो खांद्यावर हात टेकून उडी मारतो नाहीतर हाताखालून डुबकी मारून निसटतो, आणि उरलेलेही गेले की लोण, म्हणजे सगळा संघ बाद. तिघे असताना तर आणखी मागं थांब. सहापेक्षा कमी बचावपटू असतील तर बोनस मिळत नाही, त्यामुळं त्याला शिवायला खोलवर यावंच लागतं.

राखीव क्षेत्राचं भान ठेव. स्पर्श किंवा झटापट झाल्याशिवाय दोन्ही बाजूंच्या त्या 1 मीटरच्या पट्ट्यात पाय टाकायचा नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना 28-28 असताना भारताचा चढाईपटू पवन सेहरावत कोणाला न शिवता त्या पट्ट्यात गेला आणि इराणचे बचावपटू त्याच्या मागोमाग शिरले. गुण किती आणि कोणाला, जुना नियम की नवा, यावरून सामना तासाभर अडला. भारत 33-29 जिंकला. स्पर्धेआधी कोणती नियमावली लागू आहे ते तुझ्या प्रशिक्षकाला विचारून घे, गृहीत धरू नकोस.

तू मातीवर वाढलास, तेव्हा गुडघ्याची काळजी जास्त घ्यावी लागेल. मातीत पाय घसरतो म्हणून वाचतो. मॅटवर बूट चिकटून राहतो आणि अंग वळलं तरी पाय वळत नाही. गुडघ्याचे बंध तुटतात ते असे. आठवड्यातून दोन दिवस तरी मॅट मिळेल अशी सोय बघ, जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागलं तरी जा. एका पायावरची बैठक, आडव्या उड्या मारून गुडघा किंचित वाकवून उतरणं, दोराला लटकून हाताची पकड वाढवणं, एवढं नियमानं कर. उन्हाळ्यात सराव पहाटे साडेपाचला; आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये नऊनंतर मैदानावर थांबण्यात शहाणपण नाही. डोक्याला मार लागून गरगरलं तर त्या दिवशी परत मैदानात जायचं नाही, कोणी कितीही म्हणालं तरी.

वजनाचं आत्ताच बघ. कुमार गटाला 70 किलोची मर्यादा, वरिष्ठ पुरुषांना 85. वजन घ्यायच्या आदल्या दिवशी उपाशी राहून, स्वेटर घालून पळून दोन-तीन किलो उतरवणारी पोरं दुसऱ्या दिवशी पहिल्याच सामन्यात गळपटतात. महिनाभर आधीपासून उतरव. ज्वारीची भाकरी, शेंगदाणे, अंडी, दूध, डाळ यांवर कोपरारक्षक उत्तम तयार होतो. व्यायामशाळेत कोणी सुटी पावडर किंवा सुई देऊ केली तर हात लावू नकोस. उत्तेजक चाचणीत सापडलास तर चार वर्षांपर्यंत बंदी बसते, आणि कोणी दिलं हे सांगून सुटका होत नाही.

पैशाचंही उघड बोलू. प्रो कबड्डी ही व्यावसायिक लीग 2014 पासून आहे. बचावपटूला तिथं किंमत नाही हे खरं नाही: 2018 मध्ये एक कोटी गाठणारा पहिला परदेशी खेळाडू फजल अत्राचली हा डाव्या कोपऱ्याचाच, आणि त्यानंतर मोहम्मदरेझा शादलूला पुणेरी पलटणनं 2.35 कोटींना घेतलं. पण हे शिखरावरचे आकडे. अलीकडच्या लिलावात सगळ्यात खालच्या गटाची पायाभूत किंमत 9 लाख होती, आणि हंगाम काही महिन्यांचाच. गुडघा गेला की पुढच्या वर्षी नाव नसतं. म्हणून पदवी सोडू नकोस. विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ खेळ, राज्य संघाच्या चाचणीला जा, आणि रेल्वे, पोलीस, बँका यांच्या खेळाडू भरतीवर लक्ष ठेव. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. आपल्या मराठवाड्यात ती कार्यालयं छत्रपती संभाजीनगर आणि लातूरला आहेत. भरतीची जाहिरात आल्यावर धावपळ करणाऱ्यांची मुदत हुकते. प्रमाणपत्र हातात पडलं की लगेच अर्ज कर.

निवड चाचणीला जाशील तेव्हा नखं कापून जा आणि अंगाला तेल लावू नकोस, दोन्ही नियमात आहेत. अनोळखी इनबरोबर उभं करतील. सुरुवातीलाच त्याला तुमची खूण सांग आणि पहिल्या काही चढायांत पकड करू नकोस. निवडणारे तुझे पाय कुठं पडतात तेही बघत असतात. आधार कार्ड, जन्मदाखला, दहावीची गुणपत्रिका आणि सगळ्या प्रमाणपत्रांच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन जा, मूळ प्रती मात्र कोणाच्याही ताब्यात ठेवू नकोस.

तुझा,
गुरुजी