पदमनजींचे कागद नगरला शोधू नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. 'एकोणिसाव्या शतकातले मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी यांच्यावर लिहायचं आहे, मूळ कागदांसाठी तीन महिने नगरला खेटे घालतोय, अर्ज द्या, बघू, याच्यापुढे गाडी सरकत नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांबद्दल एवढं सापडतं, मग यांच्याबद्दल का नाही?' अहो, बारा वर्षांपूर्वी हीच पोस्ट मी लिहिली असती. फक्त तीनच्या जागी आठ महिने.

आधीच सांगतो, मी प्राध्यापक नाही. बँकेतली नोकरी संपवून या नादाला लागलेला माणूस आहे. चुकलो तर जाणकारांनी कान धरावा. आणि पदमनजी कोण, विधवांच्या हालांवरचं त्यांचं 'यमुनापर्यटन' काय, ती पहिली मराठी कादंबरी म्हणावी की नाही, यात मी शिरत नाही. ते तुम्हाला माहीत असणारच.

मूळ घोटाळा असा झाला. मी नगरकडचा ख्रिस्ती. घरात 'उपासना संगीत' हे भक्तिगीतांचं पुस्तक, त्यात टिळकांची पदं, आजोबांच्या ट्रंकेत 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाचे अंक. आपल्या डोक्यात गणित पक्कं असतं: मराठी ख्रिस्ती म्हणजे ज्ञानोदय, ज्ञानोदय म्हणजे १८४२ पासून नगर आणि नगर म्हणजे अमेरिकन मराठी मिशन. मग पदमनजीही त्यातलेच, आणखी कुठले असणार? कुणाला विचारायची गरजही वाटली नाही. सरळ एका कार्यालयात जाऊन अर्ज ठोकला. कार्यालयाचं नाव घेत नाही, तिथली माणसं अजून भेटतात, चहा पाजतात.

पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, 'मिळेल की, जुनं सगळं आपल्याकडंच आहे.' या एका वाक्यानं माझे आठ महिने खाल्ले. दुसऱ्या खेपेला तुमच्या चर्चच्या मंडळीचं पत्र आणा. पत्र आणलं तर कमिटीचा ठराव लागेल. कमिटी कुठंय? तिची निवडणूक जागेच्या दाव्यात अडकलेली. ठरावाचं कसंबसं जमलं, तर कपाटाची किल्ली ज्यांच्याकडं ते मिरजेला मुलीकडं गेलेले. मंगळवारी या. मंगळवारी गेलो की गुरुवार. एसटीची तिकिटं मी एका पाकिटात ठेवत होतो, शेवटी ते पाकीट मिटेना.

अखेर कपाट उघडलं. लोखंडी गोदरेज, आत डांबरगोळ्यांचा वास आणि खालच्या कप्प्यात घरपट्टीच्या पावत्यांचे गठ्ठे. वर सहा रजिस्टरं. पहिलं हातात घेतलं तर पुठ्ठ्यातून कसरीनं पाडलेला भुसा तळहातावर आला. सगळ्यात जुनी नोंद १८९० नंतरची, आणि सगळे बाप्तिस्मे आसपासच्या खेड्यांतले. पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ सालचा आणि बेळगावचा! म्हणजे ते कागद तिथं कधीच नव्हते. 'आपल्याकडंच आहे' म्हणणाऱ्या साहेबांनी ते कपाट आयुष्यात उघडलेलं नव्हतं. राग त्यांचा आलाच, पण जास्त स्वतःचा आला. त्याचं कारण पुढं आहे.

पदमनजींच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्राचं इंग्रजी भाषांतर १८९० साली लंडनहून निघालं. त्याची छापील प्रत हे सगळे आठ महिने माझ्या टेबलावर पडून होती. एका ग्रंथालयातल्या वयस्कर बाईंनी ती उघडली, मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, 'हे संपादक मरे मिचेल कुठल्या मिशनचे हो?' मी गप्प. मरे मिचेल स्कॉटिश. १८४३ मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटलं तेव्हा विल्सन कॉलेजवाल्या जॉन विल्सनांबरोबर फ्री चर्चकडं गेलेले. पदमनजी मुंबईला शिकले फ्री चर्चच्या शाळेत, पुढं पुण्याला पाळक (पाद्री) झाले तेही फ्री चर्चचे. उत्तर पहिल्याच पानावर छापलेलं होतं आणि मी किल्लीवाल्याची वाट बघत बसलो होतो.

म्हणून माझं ठाम मत (पटलं नाही तर सोडून द्या): या लोकांना साहित्यिक म्हणून शोधूच नका, पगारदार म्हणून शोधा. कादंबरी कुणी जपली नसेल, पण पगार कुणी दिला, कुणाच्या सांगण्यावरून नेमलं, बदली कुठं केली, याची पत्रं मिशननं वरच्या ऑफिसला पाठवलेली असतात. कागद पगाराच्या मागं जातात.

पदमनजींना ही फूटपट्टी लावली की एका माणसाचे दोन-तीन तुकडे पडतात. बेळगावचं मिशन लंडन मिशनरी सोसायटीचं. तिची दफ्तरं आता सोआसमध्ये, म्हणजे लंडन विद्यापीठाच्या आशिया-आफ्रिका अभ्यासाच्या संस्थेत आहेत. गंमत म्हणजे तिथं बेळगाव मराठीत नाही, दक्षिण हिंदुस्थानात, कानडी मुलखाच्या पत्रव्यवहारात घातलेलं आहे. 'मराठी' असं शोधलंत तर हाती शून्य येईल. आणि आज बेळगावात जाऊन चौकशी करणार असाल तर लक्षात ठेवा, तिथलं काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेथडिस्टांकडं गेलं, त्यामुळं समोरच्याला पूर्वीचं काही ठाऊक नसेल तर तो त्याचा दोष नाही. फ्री चर्चचे परदेशी मिशनचे कागद एडिंबरोला, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. तुम्ही ज्यांच्यासाठी नगरला बसलाय त्या अमेरिकन मिशनचं दफ्तर तर नगरलाही नाही, मुख्यतः हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे! ते टिळकांसाठी ठेवा.

टिळकांचं तुम्ही विचारलंत. त्यांना घर होतं, हे माझं उत्तर. १९१७ ला त्यांनी मिशनचा पगारच सोडला, म्हणजे माझ्या फूटपट्टीप्रमाणं तिथून पुढं कागद आटायला हवे होते. पण मागं पत्नी लक्ष्मीबाई होत्या. 'ख्रिस्तायन' या ख्रिस्तचरित्रावरच्या महाकाव्याचे पहिले दहा-अकरा अध्याय टिळकांचे, पुढचे चौसष्ट या बाईंनी लिहिले आणि शेवटचा शहात्तरावा मुलगा देवदत्त यांनी. लक्ष्मीबाईंच्या आठवणींची 'स्मृतिचित्रे' तर आहेतच. पुढं नातवानंही आजोबांवर लिहिलं. तीन पिढ्या एका माणसाचे कागद सांभाळत बसल्या, असं नशीब मराठीत किती कवींना मिळालं? त्यामुळं टिळकांवर लिहिणाऱ्याला आयतं ताट मिळतं आणि पदमनजींवर लिहिणाऱ्याला चूल पेटवण्यापासून सुरुवात. तुलना करून जीव जाळू नका.

छापील पुस्तकांचं थोडं सोपं आहे. दाते सूची (शं. ग. दात्यांनी केलेली मराठी ग्रंथांची सूची) पाहिलीच असेल, नसेल तर उद्या पाहा. ब्रिटिश म्युझियमच्या मराठी-गुजराती पुस्तकांची ब्लुमहार्टनं केलेली १८९२ ची यादीही पाहा. नाव मात्र सगळ्या रूपांत शोधायचं: बाबाखाली, पदमनजीखाली, इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'पद'ला यू घालून, आणि मुळे या आडनावाखालीही. मी हे केलं नव्हतं म्हणून त्यांची १८६० ची 'शब्दरत्नावली' मला कितीतरी उशिरा सापडली. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात दोलामुद्रितांचा, म्हणजे मराठी छपाईच्या सुरुवातीच्या काळातल्या पुस्तकांचा विभाग आहे, तिथं जाताना शांत डोक्यानं जा आणि पेन नको, पेन्सिल न्या.

१८६७ च्या कायद्यानं छापलेलं प्रत्येक पुस्तक सरकारात नोंदवावं लागे आणि मुंबई इलाख्याच्या तिमाही याद्या निघत. त्यांत किंमत, पानं, छापखाना, किती प्रती काढल्या, सगळं असतं. लोक या याद्या कंटाळवाण्या म्हणून टाळतात, मला त्या कादंबरीपेक्षा जास्त वाचनीय वाटतात. 'यमुनापर्यटना'ची पहिली आवृत्ती १८५७ ची, ती त्यांत मिळणार नाही. पण नंतरच्या आवृत्त्या आणि त्यांच्या ढीगभर पुस्तिका तिथं शोधा. एखादी धर्मपुस्तिका किती हजार छापली आणि कितीला विकली हे कळलं की त्या काळी कोण काय वाचत होतं याचा अंदाज येतो. सगळी विकली गेली असं मात्र लिहू नका, बरीच फुकट वाटलेली असत.

सहज आठवलं म्हणून: कादंबरीतला शब्द अडला तर आजचा कोश नको, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती घ्या. तीही १८५७ चीच, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहे. शिवाय त्याच मोल्सवर्थचा संक्षेप १८६३ मध्ये खुद्द पदमनजींनी केला, म्हणजे लेखकाच्याच हाताखालून गेलेला कोश. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, कादंबरी पुढच्याच वर्षीची, हा धागा तुमच्या लिखाणात असेलच.

परदेशी दफ्तरखान्यांना लिहायला घाबरू नका. 'सर्व माहिती पाठवा' असं मात्र लिहू नका. स्थळ, साल, मिशन, आणि 'या वर्षातली बेळगावची पत्रं कुठल्या पेटीत?' एवढंच विचारा. मला एका ठिकाणाहून चार दिवसांत पेटीच्या नंबरासकट उत्तर आलं. तेव्हा किल्लीवाल्याची आठवण झाली आणि हसू आलं.

स्कॅन आले किंवा स्वतः फोटो काढले, तर प्रत्येक गठ्ठ्याचा पहिला फोटो त्यावरच्या चिठ्ठीचा काढा. माझ्याकडं आजही तीनशेच्या वर फोटो आहेत, सुंदर अक्षर, स्वच्छ पानं, आणि कुठल्या गठ्ठ्यातले हे मलाच माहीत नाही. त्यातला एकही कुठं उद्धृत करता येत नाही.

नगरचा अर्ज मागं घ्यायची गरज नाही, पडू द्या तिथंच. 'अरुणोदया'च्या त्या इंग्रजी भाषांतराचा स्कॅन मिळत नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझी प्रत आहे. टेबलावरच आहे.