स्टेशन डायरीतली नोंद

"मॅडम, काय बी सांगा, करतो. फक्त साहेबाला माफ करा म्हणू नका." माझ्याकडं समुपदेशनाला आलेल्या हवालदारांनी खुर्चीत टेकायच्या आधीच बजावलं.

सोलापूर ग्रामीणमध्ये २७ वर्षं नोकरी. (ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदललेत.) झोप नाही, बीपी वाढलेलं, आमटीत मीठ कमी पडलं तरी घरात आवाज चढतो. कारण जुनं होतं. आषाढीचा बंदोबस्त, पंढरपूर. गावाकडं वडील अखेरच्या घटका मोजत होते. रजेचा अर्ज घेऊन गेले, तर साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "दर आषाढीला कुणाचा तरी बाप आजारी पडतोच." हे गावी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमलेली.

माफ केलं म्हणजे त्यांचं बरोबर होतं असं कबूल करायचं का? खाकीतली माणसं हे हमखास विचारतात. तसं नाही. क्षमेवर अनेक वर्षं संशोधन केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट सांगतात, की क्षमा म्हणजे चुकीवर पांघरूण घालणं नाही, विसरणं नाही, पुन्हा गोडीगुलाबीनं राहणंही नाही. मी हवालदारांना म्हटलं, "फिर्याद मागं घेऊ नका. पण दोषारोपपत्र दाखल झाल्यावर रोज रात्री आरोपीच्या दारात जाऊन उभे राहता का?"

ते पहिल्यांदा हसले.

मग मीच घाई केली, क्षमेवरून थेट कृतज्ञतेकडं वळले. मानसशास्त्रज्ञ एमन्स आणि मॅककलो यांच्या २००३ च्या अभ्यासात एका गटातली माणसं आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहीत होती. मी यांना रोजच्या तीन सांगितल्या. वही आली ती अशी: "०६.१० वा. चहा मिळाला. १४.०० वा. बंदोबस्त शांततेत. इतर विशेष नाही." अगदी पोलीस ठाण्यातल्या रोजच्या नोंदींची स्टेशन डायरी! मलाच ओशाळल्यासारखं झालं. सोलापूरच्या मे महिन्यात दिवसभर चौकात भाजून आलेल्याला मी आभार मानायचा गृहपाठ देत होते. वही बाजूला ठेवली, आधी बीपी आणि झोपेसाठी डॉक्टरांकडं पाठवलं.

"हे सर्व्हिस शीटवर येईल का हो?" त्यांच्या मिसेसनी दारातून हळूच विचारलं. मी काही कळवत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानंही गोपनीयतेचा हक्क दिलाय. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबरही लिहून दिला.

दीड महिन्यानं, मी न मागता, वही पुन्हा टेबलावर आली. एकच नोंद होती. "त्या रात्री माझ्या पॉइंटवर जोडीदार उभा राहिला, म्हणून निदान पहाटे निघता आलं. खांदा देता आला. त्याला कधी काही बोललो नाही."

जोडीदार आता रिटायर झालाय. हे शेंगाचटणीचा पुडा घेऊन त्याच्या घरी जाऊन आले.

"आणि साहेब?" मी विचारलं.

"ते प्रकरण तपासावर आहे, मॅडम," म्हणाले, आणि वही खिशात घातली.