कोल्हापूर–हैदराबाद : अंतर ४४५ किलोमीटर, मग सव्वा तास कशाला?

दादा, हिशेब चुकला नाही तुमचा, अर्धाच झालाय. अंतर ४४५ किलोमीटर, एटीआरचा (या मार्गावरच्या पंख्याच्या छोट्या विमानाचा) वेग ताशी ५००च्या आसपास, म्हणजे ५३ मिनिटं. मग तिकिटावर सव्वा तास कसा, हा तुमचा प्रश्न.

तिकिटावरची वेळ नुसती उडण्याची नसते. उजळाईवाडीत, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, विमान जागेवरनं हललं की घड्याळ सुरू, आणि शमशाबादला, हैदराबादच्या विमानतळावर, आपल्या जागी येऊन थांबलं की बंद. मी शिरोलीतल्या धातूच्या कास्टिंगच्या कामासाठी ही खेप बऱ्याचदा केलीय. एटीआरचे पंख वरच्या बाजूला असतात, त्यामुळं मधल्या खिडकीतनं चाकं सरळ दिसतात. एकदा रिकामटेकडेपणानं घड्याळ लावलं : चाकं सुटल्यापासनं टेकेपर्यंत ६२ मिनिटं. बाकीचा वेळ जमिनीवरचा.

त्या ६२ मधली वरची ९ कुठं गेली? एक तर चढताना वेग कमी असतो. दुसरं म्हणजे विमान वाऱ्याला तोंड करून उड्डाण घेतं. आपली धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे जायचंय हैदराबादला आणि तोंड पन्हाळ्याच्या अंगाला! वर जाऊन वळायचं, मग वाट धरायची. थंडीत उलटं दुखणं : वरचा वारा पश्चिमेकडनं येतो, तो परतताना तोंडावर. चार-पाच मिनिटं तिथं जातात.

आणखी एक घोळ बऱ्याच जणांचा होतो. काही ठिकाणी हेच अंतर २४० मैल दिसतं. ते सागरी मैल, एक म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्याला साध्या मैलाच्या १.६ नं गुणलं की उत्तर ३८४ येतं आणि माणूस गोंधळतो.

जेटनं फार फरक पडेल असंही नाही. मुंबईचंच घ्या, कोल्हापूरहून हवेतनं ३०८ किलोमीटर. कागदावर एटीआरला ३७ मिनिटं, ताशी ८०० च्या जेटला २३. पण एवढ्याशा अंतरात जेट पुरतं वर पोचून वेग धरेपर्यंत उतरायची तयारी सुरू, आणि मुंबईवर गर्दी असली की घिरट्या घाला. वाचलेली मिनिटं तिथंच संपतात.

तुमचं बरं आहे, निपाणीहून येताना विमानतळ अलीकडंच लागतो, गावात शिरायचं कामच नाही. तरी चेक-इनचा काउंटर विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो हे धरून निघा. आईंना सिकंदराबादला न्यायचंय म्हणालात, तर शमशाबादहून पुढं टॅक्सीला तास-सव्वा तास ठेवा. एटीआरला मागच्या दारानं चढायचं असतं, पायऱ्या थोड्याच आहेत, पण गुडघ्याचा त्रास असेल तर व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा. जागा मागची घ्या, दाराजवळची.

पावसाळ्यात परतीच्या दिवशी मात्र दुसरं काही ठरवू नका. एका जुलैत इथं ढग खाली आले होते, आम्ही वरच्यावर घिरट्या घातल्या आणि शेवटी बेळगावला सांबऱ्याच्या विमानतळावर उतरलो. हवेतनं जेमतेम ९५ किलोमीटर, पण पुढं गाडीनं संकेश्वर, निपाणी, कागल करत अडीच तास. तुम्ही असता तर वाटेतच घरी उतरला असता.