पगार कापण्याआधी तुमचा खुलासा मागितला होता का?

संक्रांतीच्या आठवड्यात साताऱ्यातल्या एका सुकामेवा-मिठाईच्या दुकानात फोन आला. गल्ल्यावर आमच्या वाचक बसल्या होत्या. पलीकडे 'फौजी साहेब'. जवानांसाठी तिळगुळाचे साठ बॉक्स हवेत, पैसे आगाऊ देतो म्हणाले. विश्वास बसावा म्हणून आधी एक रुपया मागवला, लगेच दोन परत पाठवले. मग क्यूआर कोड आला, पिन टाकला गेला आणि दोन खेपांत दुकानाच्या खात्यातून 38,500 रुपये गेले. शेठनी एका कागदावर सही घेतली. 14,000 पगारातून आता दरमहा 7,000 कापतात, जानेवारी-फेब्रुवारीचे कापून झाले. "माझ्यावरच केस होईल का? गेलेले पैसे मिळतील का? नोकरी सोडू का?" असं त्या विचारतात.

याच चालीची पत्रं मला सारखी येतात. दुकान कधी मेडिकल, कधी कापडाचं असतं. फोनवरचा माणूस कधी फौजी, कधी वीज कंपनीचा, कधी शेठचा मेव्हणा. साताऱ्यात फौजी म्हटल्यावर शंका कोण घेणार? जिल्ह्यातल्या एका गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी आहे. चोरांनाही एवढा भूगोल येतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे आता मी सांगायला नको.

तुमचे तिन्ही प्रश्न बाजूला ठेवा. चौथा, जो तुम्ही विचारलाच नाहीत, त्यावर सगळं अडलंय.

शेठनी बरोबर अर्धा पगार कापला. तीस टक्के नाही, साठ नाही, अर्धा. म्हणजे कुणीतरी त्यांना सांगितलंय की एकूण कपात पन्नास टक्क्यांच्या वर जाता येत नाही. सांगणाऱ्याने नियमाचं शेपूट सांगितलं, तोंड सांगितलं नाही. वेतन संहिता, 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. तिच्या कलम 18 प्रमाणे, ज्या पैशाचा हिशेब नोकराने द्यायचा आहे तो पैसा थेट त्याच्याच हलगर्जीपणामुळे बुडाला, तर कपात करता येते. पण कलम 21 म्हणतं, कपातीविरुद्ध म्हणणं मांडायची संधी नोकराला दिल्याशिवाय कपात करायचीच नाही. आधी खुलासा, मग कपात. तुमच्या पत्रात नोटीस नाही, खुलासा नाही. आहे तो एक कागद.

आता त्या कागदाबद्दल, आणि इथे मला तुमचा राग येतो. "माझ्या चुकीमुळे पैसे गेले, पगारातून कापून घ्यावेत" असं शेठनी लिहिलं आणि तुम्ही खाली सही केलीत. तारीख नाही, प्रत नाही, साधा मोबाइलवर फोटोही नाही. वर घाबरून त्या नंबरचे सगळे मेसेज पुसून टाकलेत! त्या कागदाचे दोन तुकडे आहेत. 'कापून घ्यावेत' याला फार घाबरू नका, कारण कायद्याने मिळणाऱ्या पगारावरचा हक्क सोडून देणारा करार याच संहितेच्या कलम 60 खाली रद्दबातल असतो. 'माझ्या चुकीमुळे' हा तुकडा मात्र त्रासदायक आहे. शेठ म्हणतील, हाच तिचा खुलासा. ते कितपत टिकेल हे समोर बसलेल्या अधिकाऱ्यावर आहे, मी हमी देत नाही.

म्हणून खरा खुलासा आता द्या. उशिरा का होईना, लेखी आणि तारीख घालून. तुमच्या पत्रातल्या दोन ओळी सोन्याच्या आहेत आणि त्या तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिल्यात. एक, दुकानाच्या फोनचा पिन चौघांना माहीत होता, शेठनीच तो कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला होता. दोन, पैसे गेल्यावर वीस मिनिटांत तुम्ही शेठना फोन केलात आणि ते म्हणाले, "पोलिसांची भानगड नको, सण आहे." ही दुसरी ओळ कायम लक्षात ठेवा. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली की ज्या बँकेत पैसे गेले तिला कळवलं जातं आणि खात्यात जेवढे उरले असतील तेवढे अडवता येतात. चोर ते खात्याखात्यांतून पुढे सरकवत असतो, त्यामुळे पहिल्या तासाची किंमत फार. तो तास शेठनी घालवला. मग 38,500 'थेट तुमच्याच' हलगर्जीमुळे गेले, असं कसं म्हणणार? तुमच्या मोबाइलमधल्या त्या कॉलच्या नोंदीचा आजच स्क्रीनशॉट काढा. ती तरी पुसू नका.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. पगार रोख मिळतो का? व्हाउचरवर सही 7,000 ची घेतात की पूर्ण 14,000 ची? पूर्ण आकड्यावर सही असेल तर कागदोपत्री कपात झालेलीच नाही, आणि शेठना ती नाकारता येईल. पगार खात्यात येत असेल तर पासबुक भरून घ्या, काम सोपं होईल.

तुमच्यावर केस? फसवणुकीच्या गुन्ह्यात मुळात फसवण्याचा हेतू लागतो. तुमच्या हकिगतीत तो दिसत नाही. भारतीय न्याय संहितेची 318, 319 आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-ड ही कलमं त्या फौजीसाठी आहेत. पोलीस जबाब घेतील, तेव्हा सांगा तेच जे खुलाशात लिहिलंय. पैसे परत मिळतील का, याला दोन महिन्यांनंतर मी 'कठीण' म्हणेन. तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. खातं दुकानाचं आहे, त्यामुळे बँकेच्या स्टेटमेंटमधला बारा आकडी व्यवहार क्रमांक शेठकडेच असणार. तो खुलाशातच लेखी मागा.

शेठनी ऐकलं नाही तर वेतन संहितेखाली कापलेल्या पगाराच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. जुन्या कायद्यात बाराच महिने होते. दावा ऐकणारा प्राधिकारी भरपाई दाव्याच्या दहापटीपर्यंत देऊ शकतो, पण त्या आकड्यावर घर बांधू नका. निकाल तीन महिन्यांत देण्याचा 'प्रयत्न' व्हावा असं कायदा म्हणतो, आणि असे प्रयत्न बघत माझे केस पांढरे झालेत. अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा ते कामगार खात्याच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. नोकरी इतक्यात सोडू नका, सोडलीत तर शेठ म्हणतील पळाली.

खुलाशाच्या दोन प्रती काढा. एकीवर शेठची पोच घ्या. नाही दिली तर स्पीड पोस्टाने पाठवा (रजिस्टर एडी 2025 मध्ये त्यातच विलीन झालंय) आणि पावती जपा. हे मार्चचा पगार हातात पडायच्या आत व्हायला हवं.