लाल खूण घरातच होती

सुट्टी लागली की पालक दरवर्षी मला एकच प्रश्न विचारतात : "बाहेर सोडलं तर जिवाला घोर, घरात ठेवलं तर हातात मोबाइल. करायचं काय?" यावर मी आधी एका मुलाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

इंदूरमध्ये राजेंद्रनगरच्या बाजूला राहणारं मराठी घर. आई-बाबा नोकरीला, घरी आजी. मुलगा १२ वर्षांचा. मे महिन्यात आई त्याला माझ्याकडे समुपदेशनासाठी घेऊन आली, ती घाबरूनच. "मॅडम, याला काही तरी होऊन गेलंय. जेवत नाही, रात्री दचकून उठतो, मैदानावर जायचं नावच काढत नाही. बाहेर कुणी काही केलं असेल का?" संशय आल्यापासून तिने त्याचं खाली उतरणंच बंद केलं होतं. कडक ऊन, मोकाट कुत्री, अनोळखी माणसं. कारणं खोटी नव्हती. दिवसभर घरात कोंडलेल्या मुलाने करायचं काय, म्हणून आधी थोडा वेळ मिळणारा आईचा जुना फोन आता त्याला देऊनच टाकला होता.

पहिल्या दोन भेटींत तो जेमतेम हं-हं करत राहिला. तिसऱ्या वेळी मी प्रश्न विचारणं सोडलं आणि कागद पुढे केला. "तू जिथे जिथे जातोस त्या जागा काढ. बरं वाटतं तिथे हिरवी खूण, नको वाटतं तिथे लाल." त्याने मैदान काढलं, गणपतीचं मंदिर, कोपऱ्यावरची बर्फगोळ्याची गाडी, मित्राची गच्ची. सगळीकडे हिरवं. मग स्वतःचं घर काढलं आणि आतल्या खोलीत पलंगाशेजारी, चार्जर लावतात त्या जागी, लाल खूण केली.

खरं सांगते, माझ्या पोटात गोळा आला. घरातल्याच कुणाबद्दल असेल का, हा विचार अशा वेळी करावाच लागतो. मी एवढंच विचारलं, "इथे कधी नको वाटतं?" तो म्हणाला, "दुपारी. आजी झोपते तेव्हा." बराच वेळ गप्प राहून त्याने विचारलं, "मॅडम, मी सांगितलं तर माझा फोन जाईल ना?"

या एका वाक्यापाशी मला पालकांना थांबवायचं असतं. मूल महिनाभर भीतीने जळत होतं आणि तोंड उघडत नव्हतं, ते या धाकापायी. "असलं काही दिसलं तर फोन काढून घेईन" असं आपण काळजीनेच म्हणतो, पण मुलाला त्यातून कळतं ते हे, की सांगितलं तर शिक्षा मलाच.

गेममध्ये त्याला एक 'भैया' भेटला होता. आधी त्याने खेळातल्या वस्तू भेट दिल्या, कौतुक केलं. मग गेम सोडून दुसऱ्या ॲपवर बोलू म्हणाला. मग बनियनमधला फोटो, मग कपड्यांशिवायचा. फोटो हातात आल्यावर भाषा बदलली : आणखी पाठव, नाही तर आईला पाठवतो. आणि मैदान का सुटलं? खेळताना माइक चालू असायचा. गोळेवाल्याची हाक, मंदिराची आरती, मित्रांची नावं त्या माणसाने ऐकली होती. "तू कुठे खेळतोस मला माहीत आहे," असं त्याने धमकावलं. तो खरंच जवळपासचा होता की नाही, मुलाला कसं कळणार? बाहेरची भीती त्या फोनमधूनच आली होती.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांचा हात उठला. "फोटो तूच पाठवलास ना?" मी मध्ये पडले. १८ वर्षांखालच्या मुलाची अशा गोष्टीत संमती कायदा मानतच नाही, मुलगा असो वा मुलगी. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे हे कळल्यावर पोलिसांना कळवणं मलाही बंधनकारक होतं. आईला धास्ती होती ठाण्याची पायरी चढण्याची, चार लोकांत नाव होण्याची. पण मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घेता येतो, पोलीस त्या वेळी गणवेशात नसतात आणि मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे. मुलाच्या घरी साध्या कपड्यांत एक महिला अधिकारी आल्या. आजीने त्यांना पन्हं दिलं, तेव्हा कुठे मुलगा सैलावला.

पहिल्या तासाभरात घरच्यांना मी जे सांगितलं ते असं. पैसे द्यायचे नाहीत, त्या माणसाला शिव्या द्यायच्या नाहीत, रागाने चॅट पुसायचं नाही. प्रोफाइल, आयडी, नंबर, तारखा जपून मगच ब्लॉक करायचं. मुलाचा फोटो कुणालाही पुढे पाठवायचा नाही, पुरावा म्हणून मामालासुद्धा नाही. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर होते. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन, आणि मुलाच्या मदतीसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन. 'टेक इट डाउन' या मोफत सेवेत फोटो अपलोड करावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा बनतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो ओळखून हटवतात.

मग सुट्टी पुन्हा मांडली. सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर मैदान, निदान तिघांनी मिळून, पाण्याची बाटली घेऊन. तलावावर किंवा चोरल नदीवर मोठ्या माणसाशिवाय जायचं नाही, यात मात्र सूट नाही. "अनोळखी माणसाशी बोलू नको" हे मी शिकवत नाही, कारण हरवलेल्या मुलाला अनोळखी माणसाचीच मदत घ्यावी लागते. त्यापेक्षा वाटेवरचं किराणा दुकान, मेडिकल आणि ओळखीच्या काकूंचं घर अशी तीन दारं ठरवली. "आईने पाठवलंय" म्हणणाऱ्याला विचारायचा घरचा शब्द ठरवला. तो अर्थात इथे लिहीत नाही.

फोनचा चार्जर दिवाणखान्यात आजीच्या खुर्चीशेजारी आला. आजी म्हणाली, "मला दाखव की तुझा खेळ." ती रोज अर्धा तास बघते, अडाण्यासारखे प्रश्न विचारते आणि तो मोठ्या ऐटीत समजावतो. बाबांनी स्वतःहून त्याला सांगितलं, "काहीही झालं तरी सांग, फोन घेणार नाही." तोंडाने म्हणायला त्यांना दोन आठवडे लागले.

शाळा उघडायच्या आधीच्या भेटीत त्याने तोच नकाशा नव्याने काढला. मैदान हिरवं, त्यावर स्टंपही काढलेले. पलंगाशेजारची जागा त्याने नुसत्या पेन्सिलीने गिरवली. मी खडूंची पेटी पुढे केली, तर म्हणाला, "तिथे अजून नाही, मॅडम." मी पेटी मिटली आणि पुढच्या शनिवारची वेळ लिहून घेतली.