मधल्या सुट्टीची भीती

"ताई, मधल्या सुट्टीत त्याला वर्गातच बसवायला सांगा ना शाळेला." जूनमध्ये शाळा उघडल्या की माझ्याकडे समुपदेशनाला अमळनेर, पारोळा, चोपडा, कुठूनही आलेले पालक हेच म्हणतात. एक आई तर रडतच म्हणाली, "माले भ्याव वाटस." पोरगा तिसरीत, हनुवटीला टाके पडलेले. शाळेनेही पळायला बंदी घातली होती.

तो बोलेचना. मग कागद दिला, म्हटलं मधली सुट्टी काढ. त्याने नळ काढले, जिना काढला आणि त्यावर पेन्सिलीने नुसत्या रेघोट्या ओढल्या. मैदान कोरंच.

"पडलास तेव्हा कुठला खेळ चालला होता?"

"खेळ नव्हता. पळत होतो."

"कोणाच्या मागे?"

"सगळेच सगळ्यांच्या मागे."

आई माझ्याकडे बघतच राहिली. खेळ नसल्यामुळे पोरगा पडला होता! खेळात राज्य कोणावर ते ठरलेलं असतं, हद्द असते, टाइमप्लीज असतो. कोण कुठून पळत येणार याचा अंदाज असतो. मुलांच्या वाढीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे मुलांच्या गोट्यांच्या खेळात तासन्‌तास रमले ते नियम कसे उमलतात हे पाहायला. मी त्यांच्याच पंथातली, लपवू कशाला?

मुख्याध्यापकांना मी एवढंच सुचवलं, आणि त्यांनी ते केलं याचं मला अप्रूप आहे: फक्कीने हद्द आखा. लहानांना विषअमृत, मोठ्यांना पलीकडे लंगडी. सातवीतली दोन-तीन मुलं लहानांना खेळ लावून देतील. एक शिक्षक नळापाशी उभा राहू दे. विषअमृतच का? कारण पकडलेल्याला गडी सोडवतात. आऊट होऊन बराच वेळ बाहेर बसलेली मुलंच ढकलाढकली करतात. भांडण झालं तर मुलांनाच मिटवू द्यावं; हातघाईवर आलं तरच मोठ्यांनी मध्ये पडावं. आणि सक्ती नको. कुणाला निंबाखाली डबा खात गप्पा मारायच्या असतील तर मारू द्या, सुट्टी त्याची आहे. होळीनंतर आपल्याकडे ऊन भाजतं, तेव्हा तर सावलीतलेच खेळ बरे.

पालकांनी शाळेकडे बंदी मागण्यापेक्षा खेळ मागावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच शाळेला मैदान आणि वर्गाला खेळाचं साहित्य सांगितलं आहे. घरी मात्र "आज पडला नाहीस ना?" हे रोज विचारणं थांबवा. "आज राज्य कोणावर होतं?" असं विचारून बघा, पोरगं जेवताना आपणहून सगळं सांगेल.