थंड हवा गरम जमिनीला तापवते कशी?

प्रश्न : उष्णता गरमकडून थंडकडे जाते, हा थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम. वरची हवा जमिनीपेक्षा थंड असते, मग तिथला कार्बन डायऑक्साइड जमिनीला तापवतो म्हणजे नियमच मोडला ना? ऑनलाइन एकजण हे घेऊन माझ्या मागे लागलाय, नियम त्याला तोंडपाठ आहे आणि मला उत्तर सुचत नाहीये. वर म्हणतो, हवेत हा गॅस आहेच किती, ०.०४ टक्के!

उत्तर : नियम बरोबर सांगितलाय त्याने, लावलाय चुकीचा. तो नियम देवाणघेवाण वजा करून उरलेल्या निव्वळ उष्णतेबद्दल आहे, थंड वस्तू गरम वस्तूकडे काहीच पाठवत नाही असं त्यात कुठेच नाही. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे सगळीकडे रेडिएशन सोडत असते आणि फोटॉनच्या (रेडिएशनच्या कणाच्या) अंगावर तो किती गरम जागेहून निघाला ते काही लिहिलेलं नसतं, जमिनीवर पडला की जमीन तो शोषते. आता आकडे बघा. जमीन आणि समुद्र मिळून दर चौरस मीटरला सरासरी ४०० वॅटच्या आसपास इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारं उष्णतेचं रेडिएशन) वर सोडतात, हवेकडून साधारण ३४० खाली येतात, म्हणजे निव्वळ ६० वरच गेले ना, गरमकडून थंडकडे! नियम शाबूत. तापवणारा सूर्यच आहे, हवा फक्त उष्णतेची बाहेर जायची वाट अवघड करते.

हे ३४० कागदावरचे आहेत असं तो म्हणेलच. तर खूप थंड ठेवलेल्या डिटेक्टरचे स्पेक्ट्रोमीटर (रेडिएशन तरंगलांबीप्रमाणे वेगळं करून मोजणारी यंत्रं) आकाशाकडे तोंड करून हे रेडिएशन रात्रीसुद्धा मोजतात, आणि त्यात १५ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास कार्बन डायऑक्साइडची खूण स्पष्ट दिसते. डिटेक्टर हवेपेक्षा थंड, म्हणजे त्याच्या लाडक्या नियमालाही हरकत नाही. (पांघरुणाचं उदाहरण मात्र देऊ नका, पांघरूण मुख्यतः हवेची हालचाल अडवतं, म्हणून तो तिथेच भांडत बसेल.)

०.०४ टक्क्यांचं सोपं आहे. कोरड्या हवेतला ९९ टक्क्यांहून जास्त भाग नायट्रोजन, ऑक्सिजन, आरगॉन, आणि त्यांना इन्फ्रारेडशी जवळपास काही देणंघेणं नाही. भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडलने १८५९ मध्येच प्रयोगशाळेत हे मोजायला सुरुवात केली होती. त्यामुळे ज्यांचा या कामात हातच नाही त्यांच्याशी टक्केवारी कशाला लावायची? आणि कारखाने यायच्या आधी दहा लाखात २८० असलेला हा गॅस आता ४२० च्या वर गेलाय.

यानंतर बहुतेक तो म्हणेल की १५ मायक्रॉनचा पट्टा आधीच भरलाय, म्हणजे तिथलं रेडिएशन आधीच शोषलं जातंय, अजून गॅस टाकून काय फरक पडणार. हा त्यातल्या त्यात बरा आक्षेप आहे. पण पृथ्वीची उष्णता अवकाशात जाते ती हवेच्या वरच्या थरांतून, गॅस वाढला की निसटायची ही उंची अजून वर सरकते, तिथे जास्त थंडी, म्हणून रेडिएशन कमी बाहेर पडतं, आणि सूर्याकडून येणारं तेवढंच असल्याने हिशोब जुळेपर्यंत खालचं सगळं तापत राहतं.

आता एक प्रश्न तुम्ही त्याला विचारा. सूर्यप्रकाशाचा हिशोब लावला तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश यायला हवं, प्रत्यक्षात जमिनीलगत ते १५ च्या आसपास आहे, मग हे ३३ अंश आले कुठून? सूर्य जास्त तापलाय म्हणाला तर स्ट्रॅटोस्फिअरही (हवेचा वरचा एक थर) तापायला हवा होता, तो गेली कित्येक दशकं थंड होतोय, त्याचंही कारण विचारा.